खारीज होण्याचं कारण

२१ नोव्हेंबर १९६१. ही तारीख आमच्या घरात आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजीला स्वतःची जन्मतारीख सांगता येत नाही, पण ही सांगते. त्या दिवशी राज्य सरकारनं विमुक्त जाती आणि भटक्या जमातींची यादी काढली. १४ विमुक्त जाती, २८ भटक्या जमाती. त्या २८ मध्ये आम्ही भोई. आज आमचा प्रवर्ग भटक्या जमाती (ब) आणि आरक्षण अडीच टक्के. पण जात पडताळणीला गेलं की पहिली मागणी तीच तारीख घेऊन समोर येते. त्या दिवसाच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि भोई म्हणून ओळखलं जात होतं, याचा कागद आणा.

बारावीनंतर मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जातीचं प्रमाणपत्र होतं, नॉन क्रिमीलेअर काढलं होतं, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, मात्र नव्हती. आमच्या भावकीत आजवर कुणाला ती लागलीच नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले, काका चौथीपर्यंत, आई शाळेत गेलीच नाही. प्रवेशाच्या वेळी पडताळणीच्या अर्जाची पावती चालली, पण ठरलेल्या मुदतीत व्हॅलिडिटी आणली नाही तर प्रवेश रद्द होईल, असं लिहून घेतलं. एसटीत बसल्यावर दादांनी विचारलं, "किती महिने दिलेत?"

"सहा."

"मग व्हईल की."

मलाही तसंच वाटलं होतं.

अर्जाचं काम सोपं होतं. तो ऑनलाइन भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, मग छापील प्रत, कॉलेजचं पत्र आणि शपथपत्रं घेऊन पडताळणी समितीच्या कार्यालयात फाईल द्यायची. एक शपथपत्र वंशावळीचं असतं. त्यात पणजोबापासून आपल्यापर्यंत सगळी नावं उतरवायची. आम्ही हे टाईप करायला गेलो तेव्हा एका दुकानात स्टॅम्प पेपरचे म्हणून पैसे घेतले. जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठीचं शपथपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही, हे मला नंतर कळलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. गरिबाच्या घरात ते पैसे म्हणजे एक दिवसाचं तेल-मीठ असतं.

तीन आठवड्यांनी मोबाईलवर मेसेज आला. त्रुटी. १९६१ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा जोडलेला नाही.

घरातली पत्र्याची पेटी उपसली. तिच्यात काही नव्हतं, कारण ती पेटीच नवी. २००६ च्या ऑगस्टपर्यंत आमची झोपडी पैठणच्या जायकवाडी धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी होती. त्या महिन्यात धरणातून पाणी सुटलं, पैठणात शिरलं, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. दादांनी मला आणि आजीला बाहेर काढलं, जाळी काढली, पेटी राहिली. तिच्यात आजोबांचं मच्छीमार सोसायटीचं सभासदकार्ड होतं, जुनं रेशनकार्ड होतं. अर्थात ते सगळं धरणानंतरचं, म्हणजे १९६१ च्या पुढचंच. ते सापडलं असतं तरी उपयोगाचं नव्हतं. पण ही समजूत आजीला पटत नाही. ती अजून म्हणते, "पेटी असती तर पोरीला हिंडावं लागलं नसतं."

मी आणि दादा विचारायला गेलो. टेबलापलीकडचे साहेब कामात होते, तरी नीट बोलले. म्हणाले, "तुमच्या मूळ गावाचा जुना रेकॉर्ड काढा. खासरा पत्रक बघा, १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही बघा, शाळेचा दाखल-खारीज, म्हणजे मुलं आल्या-गेल्याची नोंदवही बघा, कोतवाल बुक बघा. मूळ गाव कोणतं तुमचं?"

दादा गप्प राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. दादा म्हणाले, "साहेब, कोणतं सांगू?"

त्यांना उलट उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांना खरंच कळेना की कोणतं सांगावं. घरी आल्यावर आम्ही आजीपुढं बसलो. तिनं जे सांगितलं ते मी तुकड्या-तुकड्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं, पण वही घेऊन, ओळीनं, पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगा म्हणतात आणि काठच्या मुलखाला गंगथडी. आजीचं माहेरही भोयाचंच आणि सासरही. पावसाळ्याचे चार महिने ही माणसं एखाद्या उंचावरच्या गावाच्या कडेला पालं टाकून राहत. त्या दिवसांत पुरातून माणसं पलीकडं न्यायची असत, म्हणून गावालाही ती हवी असत. नाव असली तर नाव, नाहीतर गुळाची काहील, आणि तीही नसली तर सांगड. वाळलेले मोठे भोपळे दोरीत आवळून बांधायचे, त्यावर छाती टाकायची आणि पायानं पाणी मारत जायचं. बाळंतीण, तान्हं लेकरू, देवाची पालखी, सगळं याच माणसांनी पार केलं. त्याचे पैसे रोख मिळत नसत. सुगीला खळ्यावर जायचं, पायली-दोन पायली ज्वारी मिळायची.

दिवाळी झाली, पाणी निवळलं, वाळू उघडी पडली की बिऱ्हाड उठायचं. भांडी, जाळी, कोंबड्या, पोरं नावेत आणि गड्यांनी काठाकाठानं चालायचं. कायगाव-टोक्यापासून पैठण, शहागड, राक्षसभुवन, मंजरथ, कधी पार गंगाखेडपर्यंत. जिथं डोह चांगला तिथं पंधरा दिवस, महिना. वाळूवरच पऱ्हाट्यांची खोप. बायका वाड्या लावायच्या. हे सांगताना आजीचे हात चालायला लागतात. वाळूत खड्डा घ्यायचा, ओल हाताला लागली की थांबायचं. तळाला शेळीची लेंडी आणि पेंड घालायची, वर पोयटा टाकायचा, मग टरबुजाचं, खरबुजाचं बी. वाऱ्यानं वाळू उडून रोप बुजतं, म्हणून वाऱ्याच्या बाजूनं तुराट्यांचं कूड लावायचं. माघात वेल पसरतो, फाल्गुनात फळ धरतं. नाथषष्ठीला पैठणला जी गर्दी लोटते, तिला हे फळ विकायचं. "वाळूवर झोपलं की खालून थंडी आन् वरून चांदणं," आजी म्हणाली. "मला तवा वाटायचं, ही जागा आपलीच हाय."

मी वहीत लिहीत होते आणि मनात हिशेब चालू होता. यातल्या कोणत्या गावच्या पुस्तकात आमचं नाव असेल? खासरा पत्रक जमिनीचं, आम्हाला जमीन नाही. कोतवाल बुकात गावात जन्मला-मेला त्याची नोंद. आजोबा जन्मले राक्षसभुवनाच्या वाळूवर, मोठी आत्या जन्मली नावेत. पावसाळ्यात गाव म्हणायचं, ही गंगेवरची माणसं, आणि उन्हाळ्यात तर गाव लांबच. चार गावांना आमचा उपयोग होता, पण एकाही गावाच्या पुस्तकात आमचं घर लिहिलेलं नव्हतं.

मग धरण आलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, भरलं की शंभर टीएमसीवर पाणी. मराठवाड्याच्या तहानेला ते पाणी किती मोलाचं आहे हे मी नाकारत नाही, आमच्या हंड्यातही तेच येतं. पण काठावरची गावं उठली तेव्हा ज्यांच्या नावावर शेत होतं, घर होतं, त्यांना मोबदला, नवं गावठाण मिळालं. वाळूवरच्या खोपीचा सातबारा निघत नाही. आजोबांना कुणी नोटीस दिली नाही, कारण ती कुठल्या घराच्या दाराला चिकटवणार? आजी म्हणते, पाणी एका रात्रीत आलं नाही, हळूहळू चढलं. आज ही शिळा बुडाली, उद्या ती. टरबुजाची वाळू सगळ्यात आधी गेली.

आजोबा फिरायचे थांबले. त्यांना थांबवलं धरणानंच, पण पोटालाही त्यानंच घातलं. जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं, सोसायट्या झाल्या, ठेका आला. वाहत्या पाण्यातला भोई तळ्याचा भोई झाला. मरळ, वाम, शिंगटा यांच्या जागा त्याला पाठ होत्या. या नव्या दर्यासारख्या पाण्यात त्या काही कामाच्या राहिल्या नाहीत. मृगाच्या पहिल्या पाण्याला मासा उलटा चढतो, त्या चढणीच्या माशावर भोयाची चार दिवस दिवाळी असायची. भिंतीपाशी चढण संपली. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला आणि कुठं जाळं टाकायचं, कुठं नाही, हाही प्रश्न आला. दादा आता थर्माकोलच्या चार थरांवर बसून, हातानं पाणी मारत जातात. संध्याकाळी तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची जाळी लावायची, पहाटे काढायची. जाळ्यात निम्म्याहून जास्त चिलापी. वारा उठला की त्या उघड्या पाण्यात थर्माकोलचं काय होतं हे मी इथं लिहीत नाही, आई रोज पहाटे दारात का उभी राहते ते मला माहीत आहे.

तर कागदाकडं येते. पहिले दोन महिने आम्ही तालुक्याच्या रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवल्या. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झालाय, त्यामुळं मराठवाड्यातली जुनी दप्तरं बाहेर निघाली आहेत, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं तिथं भेटतात. इथं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, कारभार उर्दूत, म्हणून एकेका पानाला दोन-दोन वाचणारे लागतात. एका निवृत्त गुरुजींनी आमच्यासाठी एक जुनं उर्दू पुस्तक चाळून दिलं. बोट एका शब्दावर ठेवून म्हणाले, "हे बघ, माहीगीर. म्हणजे मासे धरणारा." माझ्या अंगावर काटा आला. पण पुढचं नाव आमच्यातलं नव्हतं. गाव तेच, धंदा तोच, कुळ दुसरं. गुरुजींनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी परत येताना दादा म्हणाले, "एका वर्साची फी भरून बी ॲडमिशन ऱ्हात आसंल तर म्हैस इकू." तशी सोय नसते हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

वाट सापडली ती आजीच्या एका वाक्यातून. जेवताना ती सहज म्हणाली, "धाकल्या भावजींला शाळेचा लई नाद. पाऊस पडला की पाटी घिऊन पळायचे."

धाकटे भावजी म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, माझे चुलत आजोबा. ते वारले, मूलबाळ नाही, म्हणून आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलेच नव्हते. पण वंशावळीत बापाकडचं रक्ताचं नातं लागतं आणि सख्खा चुलत आजोबा त्यात बसतो. कुठल्या शाळेत? तिनं गावाचं नाव सांगितलं. ते गाव आता पाण्याखाली आहे.

ते जुनं गाव मी एकदाच पाहिलं होतं. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, मृतसाठ्यात गेला होता. मी दहा-अकरा वर्षांची असेन. दादांनी मला आणि आजीला मोटारसायकलवर नेलं होतं. गाळाला पायाएवढ्या भेगा, त्यात मेलेले शिंपले, आणि मधोमध घरांची जोती, एका आडाचं तोंड, देवळाचा चौथरा. आजी चौथऱ्यावरून पावलं मोजत चालत गेली आणि एका जागी उभी राहिली. "इथं नावंचा खुंट होता," म्हणाली. खाली वाकून तिनं माती उकरली. खुंट सापडला नाही. ती बराच वेळ उकरत होती.

त्या गावचं नवं गावठाण वर, माळावर आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पत्र्याचं शेड, चार वर्गखोल्या. मुख्याध्यापक बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाव उठलं तेव्हा गुरुजींनी दप्तर बैलगाडीत आणलं होतं असं सांगतात. आहे का बघू." लोखंडी कपाटाचा खालचा खण ओढला तर आतून मातीचा वास आला. तीन रजिस्टरं निघाली. एकाचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लेला, पानं एकमेकांना चिकटलेली. बाईंनी रद्दीचा कागद घालून एक-एक पान सोडवलं. मी श्वाससुद्धा हळू घेत होते, फुंकरीनं तुकडे उडतील म्हणून.

१९५५ च्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, निळ्या शाईत पणजोबाचं आणि चुलत आजोबाचं नाव. जात: भोई. धंद्याच्या रकान्यात: मासेमारी. दाखल ११ जुलै १९५५. खारीज २ डिसेंबर १९५५. आणि शेवटचा रकाना, खारीज होण्याचं कारण. तिथं गुरुजींनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: बाप गंगेवर गेला.

पुढच्या वर्षीच्या पानावर तेच नाव पुन्हा. दाखल ९ जुलै १९५६. खारीज, दिवाळीच्या पुढं. कारण: बाप गंगेवर गेला. १९५७ लाही दाखल, तेव्हा खारीजच्या रकान्यात तारीख आहे, कारण लिहिलेलं नाही. गुरुजींना आता माहीत झालं असणार.

दादांना ती ओळ मी वाचून दाखवली. त्यांनी बोट लावलं नाही, मागं हात बांधून नुसतं बघितलं. मग बाईंना म्हणाले, "ह्याच्या दोन सही-शिक्क्याच्या नकला मिळतील का?" बाई म्हणाल्या, "चार घेऊन जा."

हे वाचणाऱ्यांत कुणाला असा शोध करायचा असेल तर माझ्या अनुभवातून एवढं सांगते. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा. कागद विचारू नका, गोष्टी विचारा. कोण शाळेत गेलं होतं, कुणाला देवी आल्या, कोण कुठं वारलं. आम्ही आजीला दोन महिने 'पुरावा आहे का' असं विचारत होतो. तिच्याजवळ पुरावा नव्हताच, आठवण होती.

नकला जोडल्या तरी समितीला शंका राहिली. चुलत आजोबा आणि आजोबा सख्खे भाऊ कशावरून, आजोबांचा तर कागदच नाही. प्रकरण दक्षता पथकाकडं गेलं. दक्षता म्हटल्यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. पोलीस येणार म्हणजे काहीतरी खोटं केलं असणार, असं शेजारणीला वाटलं. खरं तर ती नियमातलीच चौकशी आहे. कागद पुरेसे वाटले नाहीत तर पथक घरी येतं, जबाब घेतं, शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

एक मॅडम आणि एक हवालदार आले. दादा पहाटेपासून आंघोळ करून बसले होते. दोन म्हाताऱ्या माणसांनी जबाब दिले की हे दोघे एका आईचे, एकाच नावेतले. मग मॅडम आजीकडं वळल्या. कुलदैवत कोणतं, सोयरीक कुणात होते, पूर्वापार धंदा काय. आजी नीट बोलत होती. घरात खंडोबा, पाण्यात साती आसरा. नव्या डोहात पहिलं जाळं टाकायच्या आधी काठावर सात खडे मांडायचे, शेंदूर, हिरव्या बांगड्या, दहीभात. मॅडम लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आजी, जाळं तुम्ही घरीच विणायचा का?"

आजी उठली. कोपऱ्यातल्या गाठोड्यातून बांबूची सुई आणि बांबूचीच पट्टी काढली. दोन्ही हाताळून-हाताळून शिंगासारखी गुळगुळीत, पिवळी झालेली. सुईवर सूत भरलं, खांबाच्या खिळ्याला फास अडकवला आणि विणायला बसली. सुई पट्टीवरून खाली, फासातून वर, अंगठ्यानं दाब, झटका, गाठ. सुई खाली, वर, दाब, झटका, गाठ. नजर मॅडमकडं आणि हात आपले चाललेले. "हे दोन बोटी," ती म्हणाली आणि फासात दोन बोटं घालून दाखवली. "झिंग्याला, बारीक मासळीला. रोहूला चार बोटी लागतं. दोन बोटी जाळं इणीच्या दिसात टाकायचं न्हाई, पिलं मरत्यात. माझी सासू हात मोडायची." विणीच्या दिवसांत मासेमारी करू नये, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजीकडून पहिल्यांदाच ऐकत होते. घरात विकतची तंगूसची जाळी आल्यापासून तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी लिहिणं थांबवलं होतं. हवालदार जवळ येऊन उकिडवे बसले. आजीनं वीसेक घरं विणली, सूत दातानं तोडलं आणि तो तुकडा मॅडमच्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, "हा मी फाईलला नाही लावू शकत." आजी म्हणाली, "न्हाई लावला तर ऱ्हाऊ द्या घरी."

पथकाच्या अहवालाची प्रत मला मिळाली. शाळेची मूळ नोंद तपासली, बरोबर आढळली, वगैरे. सुनावणीचा दिवस आला. मी कॉलेजची सुट्टी काढून गेले. बाहेरच्या बाकावर चाळीसएक माणसं होती, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्याची तीन पिढ्यांची माणसं. माझ्या शेजारी एक वडार समाजाची ताई होती. तिचा बाप धरणाच्या कामावर दगड फोडत होता, हे बोलता-बोलता निघालं. तिच्याकडंही १९६१ च्या आधीचं काही नव्हतं, कारण काम संपलं की तळ हलायचा. आम्ही दोघींनी एकमेकींच्या फाईली वाचल्या. तिला मी शाळेच्या दप्तराचं सांगितलं, तिनं मला वंशावळीत आजीच्या नावाची एक चूक दाखवली.

आत तीन जण बसलेले. मला फार विचारलं नाही. अध्यक्षांनी रजिस्टरची नक्कल वर धरली आणि म्हणाले, "हे कारण कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, "गुरुजींनी, साहेब." ते दुसऱ्या सदस्यांना ती ओळ दाखवत राहिले. मी वंशावळीतली चूक सांगितली, दुरुस्तीचं शपथपत्र द्यायला आठ दिवस मिळाले. मुदत संपायला एकोणीस दिवस राहिले असताना व्हॅलिडिटी आली. दादांनी ती लॅमिनेट करायला घेतली होती, मी अडवलं, मूळ प्रतीला लॅमिनेशन करू नये. दहा झेरॉक्स काढल्या. काकाच्या पोरीची फाईल आता माझ्या कागदावरून सुरू होईल, तिला इतकं हिंडावं लागणार नाही.

पण ती वही मी बंद केली नाही. दर सुट्टीत घरी आले की आजीपाशी बसते आणि मुक्काम लिहिते, वरून खाली, एकेक. कुठला डोह, कोण सोबत होतं, तिथं काय पिकलं, कोण जन्मलं, कुणाला तिथंच माती दिली. शेजारच्या पानावर मी आजची नदी लिहिते. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुद्गल, सगळीकडं आता उच्च पातळी बंधारे आहेत. गंगा एका बंधाऱ्याच्या तळ्यातून दुसऱ्या बंधाऱ्याच्या तळ्यात उतरते. जिथं वाळू उरली तिथून ती ट्रकनं जाते, मागं खड्डे राहतात आणि त्या खड्ड्यांत गावची पोरं बुडतात. आजीच्या लक्षातल्या कितीतरी डोहांवर आज बंधाऱ्याचं तळं आहे किंवा दरवाजे आहेत. सगळ्यात खाली बाभळीचा बंधारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं बाभळीची दारं १ जुलैला उघडतात ती २८ ऑक्टोबरपर्यंत उघडी असतात. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंजी पावसाळ्याचे चार महिने. आमी बी तेवढेच गावात असायचो."

काल रात्री आम्ही राक्षसभुवनापर्यंत आलो. आजोबा जन्मले ती वाळू शनीच्या देवळापासून किती लांब होती, यावर ती अडली. हातानं काठ दाखवत राहिली, असं वळण, मग करंज, मग उतार. करंज अलीकडं की पलीकडं ते तिला आठवेना. वही मिटायला सांगितली. पुढचं उद्या सकाळी सांगणार आहे, सकाळी तिला नीट आठवतं.